बॉडी वर जाते तेव्हा चाकं कुठे जातात?

भरलेले दोन एंड डंप ट्रेलर, म्हणजे बॉडी उचलून मागून माल ओतणारे ट्रेलर, शेजारी उभे करा, एक फ्रेमचा आणि एक फ्रेमलेस. लांबून पाहणाऱ्याला फारसा फरक कळणार नाही. पुढे घोडा, म्हणजे ट्रेलर ओढणारी इंजिनगाडी, मागे लांबलचक बॉडी, बॉडीच्या पुढच्या टोकाला ती उचलणारा तेलाच्या दाबावरचा जॅक, मागे फाळका, म्हणजे माल अडवणारं दार. फरक उघडा पडतो तो बॉडी उचलताना. एका ट्रेलरची चाकं जागच्या जागी राहतात, दुसऱ्याची घोड्याच्या दिशेने सरकतात किंवा घोडाच मागे ओढला जातो. वर्षानुवर्षं एकाच प्रकारावर हात बसलेला ड्रायव्हर दुसऱ्यावर बसला की जुन्या सवयीच घात करतात, त्या याच ठिकाणी.

फ्रेमच्या ट्रेलरला किंगपिनपासून (घोड्यात अडकणाऱ्या पिनपासून) मागच्या आसांपर्यंत अखंड चेसी असते. बॉडी तिच्यावर टेकलेली असते आणि मागच्या बिजागरीवर उचलली जाते. चेसी आडवीच राहते, त्यामुळे घोड्याची चाकं आणि ट्रेलरची चाकं यांच्यातलं अंतर बदलत नाही. फ्रेमलेसला ही चेसी नसते, बॉडीच स्वतःचा भार पेलते. फिफ्थ व्हीलवर, म्हणजे घोड्यावरच्या जोडणीच्या तबकडीवर, बसणाऱ्या प्लेटपासून दोन लांब दांडे, म्हणजे ड्राफ्ट आर्म, मागे जाऊन बॉडीला पिनने जोडलेले असतात. चेसीचं वजन वाचतं, तेवढा माल जास्त नेता येतो. त्या बदल्यात बॉडी उचलताना संपूर्ण गाडीची लांबी कमी होते.

किती कमी होते, याचा ढोबळ हिशेब करून पाहू. समजा, मागच्या आसापासून ड्राफ्ट आर्मची पिन ४ मीटरवर आहे आणि आर्म ५.५ मीटर लांब आहे. बॉडी खाली असताना आस ते घोड्याकडचं टोक हे अंतर ९.५ मीटर. बॉडी १० अंशांवर गेली की ते जेमतेम १० सेंटिमीटरने घटतं. ३० अंशांवर साधारण ९० सेंटिमीटर आणि ४५ अंशांवर जवळजवळ २ मीटर! म्हणजे पहिल्या ३० अंशांत जेवढं सरकणं झालं, त्याहून जास्त शेवटच्या १५ अंशांत होतं. तुमच्या ट्रेलरची मापं वेगळी असतील, पण चाल हीच राहणार. ब्रेक चुकीचे लावले असतील तर सुरुवातीला काहीच कळत नाही. टायर थोडे दबतात, पिनांमधली ढिलाई संपते, सगळं ठीक वाटतं. चूक जाणवते ती बॉडी सर्वांत उंच आणि सर्वांत अस्थिर असताना.

ब्रेक कोणते लावायचे

फ्रेमच्या ट्रेलरचं सोपं आहे. घोड्याचे आणि ट्रेलरचे, दोन्हीकडचे पार्किंग ब्रेक लावा, गिअर न्यूट्रल, पीटीओ (इंजिनची ताकद जॅकच्या पंपाला देणारी जोडणी) चालू, मग उचला.

फ्रेमलेसमध्ये दोन्हीकडचे ब्रेक लावून उचललं तर टायर घासत ओढले जातात. टायर जमिनीला धरून राहिले तर तो सगळा ताण ड्राफ्ट आर्म, त्यांच्या पिना आणि किंगपिनच्या प्लेटवर येतो. ताण साठत जातो आणि एका क्षणी टायर सुटून झटका बसतो. वर गेलेल्या भरल्या बॉडीला असा झटका बसणं म्हणजे पलटी होण्याची तयारी पूर्ण. म्हणून एक बाजू धरलेली आणि एक बाजू मोकळी हवी. सर्रास वापरली जाणारी पद्धत अशी की ट्रेलरचे ब्रेक लावायचे, घोडा न्यूट्रलमध्ये ठेवून त्याचे ब्रेक सोडायचे आणि घोड्याला मागे सरकू द्यायचं. काही निर्माते उलट सांगतात. आपल्या ट्रेलरच्या पुस्तिकेत जे लिहिलंय तेच करायचं, आधीच्या गाडीवर काय करत होतो याला इथे काही किंमत नाही.

घोडा मोकळा सोडायचा असेल तर जमीन पुढे-मागेही सपाट हवी, नाहीतर उतारावर तो हवा तसा धावेल. पाय सर्व्हिस ब्रेकच्या वर तयार ठेवायचा, दाबून धरायचा नाही. बॉडी खाली घेताना हीच चाल उलटी होते, घोडा पुढे ढकलला जातो. माल रिकामा झाल्यावर सवयीने घोड्याचा पार्किंग ब्रेक ओढला आणि मग बॉडी खाली सोडली, ही चूक फार जण करतात. बॉडी पूर्ण टेकेपर्यंत घोडा मोकळाच राहिला पाहिजे.

फिफ्थ व्हीलकडेही एकदा नीट पाहा. अनेक फ्रेमलेस ट्रेलरमध्ये पुढे-मागे झुकण्याचा सांधा ट्रेलरच्या वरच्या प्लेटमध्येच असतो, आणि अशांसाठी न झुकणारं, रिजिड प्रकारचं फिफ्थ व्हील सांगितलेलं असतं. झुकणाऱ्यावर झुकणारं बसवलं की मध्ये एक जास्तीचा सांधा तयार होतो. घोडा बदलून मिळाला असेल तर हे आधी विचारून घ्या.

पलटीचं गणित

एंड डंप पलटी होतो तो बहुतेक वेळा बाजूला. कारण शाळेतल्या भूमितीइतकं साधं आहे. भरलेल्या ट्रेलरचा गुरुत्वमध्य बॉडी खाली असताना समजा जमिनीपासून २ मीटरवर आहे. जमीन एका बाजूला ३ अंश कललेली असेल तर तो मध्य साधारण १० सेंटिमीटर बाजूला सरकतो. बॉडी उचलून तोच मध्य ४ मीटरवर नेला की सरकणं २१ सेंटिमीटर. कल ५ अंशांचा असेल तर ३५. त्यात कललेल्या बाजूचे पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) आणि टायर जास्त दबतात, त्यामुळे कल आणखी वाढतो, आणखी भार त्याच बाजूला जातो. हे चक्र एकदा सुरू झालं की ड्रायव्हरच्या हाती फार थोडं उरतं.

३ अंश म्हणजे किती? दोन्ही बाजूंच्या चाकांमध्ये २ मीटर अंतर धरलं, तर एका बाजूची चाकं १० सेंटिमीटर खाली गेली की झाले ३ अंश. ताज्या भरावात, पावसाने भिजलेल्या मातीत, कालच बुजवलेल्या चरावर चाक १० सेंटिमीटर रुतायला कितीसा वेळ लागतो? आणि उचलताना भार मागच्या आसांवर जातो, म्हणजे रिकामी गाडी सहज गेली त्या जागेवर भरली बॉडी उचलताना चाक रुतू शकतं. जागा पाहायची ती या भाराचा विचार करून.

त्यासाठी खाली उतरून चाला. टाचेने माती दाबून पाहा. पाणसळ ट्रेलरच्या मागच्या बाजूला, आसांजवळ आडवी धरा. केबिनमधल्या कलमापकावर विसंबू नका, घोडा सपाट जागेवर आणि ट्रेलर कललेला असं नेहमीच होतं. एका बाजूच्या जोडटायरांपैकी आतला टायर कमी हवेचा असेल तर सपाट जमिनीवरसुद्धा बॉडी कललेलीच उचलली जाणार. आतला टायर नुसत्या नजरेने कळत नाही, गेज लावावाच लागतो. तुटलेल्या पाट्याचंही तसंच.

एअर सस्पेन्शन असेल तर उचलण्याआधी फुग्यांमधली हवा सोडायची, म्हणजे गाडी टेकणावर घट्ट बसते आणि बाजूला डोलत नाही. घोड्याच्या फुग्यांचं काय करायचं हे दोन्ही पुस्तिकांत पाहून ठरवा. निघण्याआधी हवा परत भरायला विसरू नका.

घोडा आणि ट्रेलर सरळ रेषेत हवेत, हे सगळेच सांगतात. का, ते क्वचितच सांगितलं जातं. झुकणारं फिफ्थ व्हील पुढे-मागे हलतं, बाजूला हलत नाही. गाडी सरळ असताना बाजूला कलणाऱ्या ट्रेलरला घोड्याचं वजन धरून ठेवतं. घोडा वळवून काटकोनात आणला की जे त्याचं पुढे-मागे झुकणं, तेच ट्रेलरचं बाजूला कलणं होतं. म्हणजे ट्रेलरला पुढून मिळणारा आधार जवळजवळ गेला. अडचणीच्या जागेत वाकड्या गाडीने माल खाली करणं म्हणजे हा आधार आपल्या हाताने काढून टाकणं. दोनदा पुढे-मागे करून गाडी सरळ घेण्यात गेलेली पाच मिनिटं परवडतात.

वाऱ्याबद्दल थोडक्यात: वर गेलेली बॉडी म्हणजे शीड. वारा आडवा आणि जोराचा असेल तर थांबा, किंवा गाडी वाऱ्याच्या दिशेत लावा.

माल अडकला तर

कोरडी वाळू किंवा खडी साधारण ३० ते ४० अंशांच्या आसपास घसरायला लागते. ओली चिकणमाती ४५ अंशांवरही बॉडीला चिकटून बसते. त्यातही पुढचा, म्हणजे आता सर्वांत उंच गेलेला माल वर अडकला आणि मागचा निघून गेला, तर उरलेलं सगळं वजन टोकावर. एका बाजूचा माल गेला आणि दुसऱ्या बाजूचा चिकटला, तर त्याहून वाईट.

इथे जॅकचं गणितही समजून घेण्यासारखं आहे. टेलिस्कोपिक जॅकचा सर्वांत जाड टप्पा आधी बाहेर येतो, बारीक शेवटी. पहिल्या टप्प्याचा व्यास १८ सेंटिमीटर आणि दाब १४० बार धरला तर तो सुमारे ३६ टन उचलतो. शेवटचा टप्पा १० सेंटिमीटरचा असेल तर त्याच दाबाला फक्त ११ टनांच्या आसपास. रचना अशी करतात कारण वर जाईपर्यंत बराच माल खाली पडलेला असतो. माल अडकला की हा हिशेब मोडतो: बारीक टप्प्यावर नको तेवढा भार येतो, जास्तीचा दाब सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह शिट्टी मारतो आणि बॉडी तिथेच अडते. तेव्हा इंजिनचा वेग वाढवून काही साधत नाही, दाबाची मर्यादा तीच राहते, तेल तेवढं तापतं. शिवाय पंपाचं तेल तेवढंच असल्याने बारीक टप्पा जास्त वेगाने सरकतो. म्हणजे बॉडी जितकी वर, तितकी ती भराभर वर जाते. शेवटाला इंजिन मंद ठेवायचं ते यासाठी. शेवटचा टप्पा टोकाला आदळू द्यायचा नाही.

अडकलेल्या मालावर एकच इलाज: बॉडी सावकाश खाली घ्या आणि माल यंत्राने काढा. पुढे जाऊन करकचून ब्रेक मारायचा आणि माल झटकायचा, हा प्रकार जागोजागी दिसतो. त्यात जॅक, बिजागरी आणि पिना खिळखिळ्या होतात, आणि माल एकदम एका बाजूने सुटला तर गाडी आडवी. फावडं घेऊन उचललेल्या बॉडीत चढणं किंवा फाळक्याखाली उभं राहून माल उकरणं याबद्दल तर बोलायलाच नको.

यातलं बरंचसं भरतानाच टाळता येतं. चिकट माल असेल तर बॉडीच्या पुढच्या भागात कमी भरायला सांगा, आणि ढीग मधोमध पडतोय ना ते आरशात पाहत राहा. आतून प्लास्टिकचं लायनर लावलं तर माल चिकटत नाही. त्याची एक गंमत आहे: लायनरवरून अख्खा माल एकदम निसटतो. गाडीला धक्का बसतो, त्यामुळे तिथेही घाईने उचलायचं नाही.

प्रत्यक्ष उचलताना

बॉडीची लांबी ११ मीटर धरली तर ४५ अंशांवर तिचं पुढचं टोक जमिनीपासून ९ मीटरच्या आसपास जातं. वर पाहा. विजेच्या तारा, फांद्या, शेडचं छत. ५० किलोव्होल्टपर्यंतच्या तारांपासून किमान ३ मीटर अंतर ठेवायचा नियम बऱ्याच ठिकाणी वापरतात, जास्त दाबाच्या तारांना अंतर जास्त. जागेवरचा नियम याहून कडक असेल तर तोच पाळा. तार टेकलीच तर केबिनमध्येच बसून राहा आणि इतरांना लांब राहायला ओरडून सांगा. आग लागली तरच उतरायचं, तेही दोन्ही पाय जोडून उडी मारून. गाडी आणि जमीन यांना एकाच वेळी स्पर्श होऊ द्यायचा नाही, आणि पाय जमिनीवरून न उचलता, लहान लहान पावलं घसटत लांब जायचं.

बाजूला मोकळी जागा किती हवी? पलटी झालेली बॉडी जितक्या लांब पोचेल तितकी, म्हणजे निदान बॉडीच्या पूर्ण लांबीएवढी. दोन ट्रेलर शेजारीशेजारी खाली करायला लावणाऱ्या मुकादमाला हे सांगावं लागतं, आणि सांगायला संकोच करू नये. इशारा देणारा माणूस ड्रायव्हरच्या बाजूला, आरशात दिसेल असा, पण त्या मोकळ्या जागेच्या बाहेर.

क्रम असा. आधी फाळक्याची कुलपं उघडा. बंद फाळक्याने बॉडी उचलली तर सगळा माल फाळक्यावर रेलतो आणि नंतर उघडताना तो झेप घेतो. कुलपं हाताने उघडायची असतील तर फाळक्याच्या मागे उभं न राहता बाजूने. मग केबिनमध्ये बसा, दार बंद, पट्टा लावलेला. पीटीओ लावा, बॉडी थोडीशी उचलून थांबा आणि दोन्ही आरशांत पाहा: दोन्ही बाजू समान उचलल्या का? पुन्हा थोडी, पुन्हा आरसा. जॅकचे टप्पे क्रमाने बाहेर येताहेत का, हेही पाहायचं. जाड टप्पा अडकून बारीक आधी आला, किंवा जॅक हिसके देत असेल, तर तेलात हवा आहे, तेल कमी आहे किंवा टप्पा घासतोय. बॉडी खाली घेऊन कारण शोधा.

कंट्रोलवरचा हात काढायचा नाही. बॉडी कलताना दिसली तर ताबडतोब खाली, सलग आणि सावकाश. खाली येताना मध्येच करकचून थांबवली तर तो झटका कललेल्या बाजूलाच जातो. गाडी पलटतेच आहे असं दिसलं तर उडी मारू नका. पट्टा लावलेला ड्रायव्हर केबिनमध्ये जास्त सुरक्षित असतो, उडी मारणारा गाडीखाली सापडू शकतो. स्टिअरिंग घट्ट धरा, पाठ सीटला टेकवा.

माल पडता पडता ढीग फाळक्यापर्यंत येतो आणि पुढचा माल अडतो. फ्रेमच्या ट्रेलरने इथे सर्वांत खालच्या गिअरमध्ये, सरळ, सपाट जागेवर मीटर-दोन मीटर पुढे सरकता येतं, फाळक्याला साखळी लावून माल पसरवताही येतो. फ्रेमलेस या कामासाठी नाही. आधी बॉडी बरीच खाली घ्या, ट्रेलरचे ब्रेक सोडा, मग पुढे व्हा. ज्याला रोज माल पसरवत चालायचं आहे त्याने वजन वाचवण्याच्या मोहात फ्रेमलेस घेऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

दररोज पाहण्यासारखं

मागच्या बिजागरीच्या पिना आणि बुश, ड्राफ्ट आर्मच्या दोन्ही टोकांच्या पिना, जॅकचे वरचे-खालचे आधार. ग्रीस बाहेर येतंय का, आणि वेल्डिंगच्या कडेने गंजाची बारीक रेष दिसतेय का? रंगाखालून आलेली तांबूस रेष म्हणजे बहुधा चीर. होजवर (तेलाच्या नळीवर) फुगवटा किंवा उघडी पडलेली तार दिसली तर होज त्याच दिवशी बदला. हा जॅक एकाच दिशेने काम करतो, बॉडी खाली येते ती स्वतःच्या वजनाने, त्यामुळे होज फुटला तर तिला अडवणारं काही नसतं. घोडा जोडताना हायड्रोलिकची जोडणी शेवटच्या आट्यापर्यंत घट्ट झाली पाहिजे. अर्धवट बसलेला कपलर तेल अडवतो, आणि अडलेल्या तेलाचा सगळा दाब पंपाच्या माथी बसतो.

बॉडीखाली दुरुस्ती करायची असेल तर ती रिकामी हवी आणि निर्मात्याने दिलेल्या टेकूवर टेकलेली हवी. फ्रेमच्या ट्रेलरला बहुधा टेकू सोबतच येतो. फ्रेमलेसखाली टेकू कुठे द्यायचा हे पुस्तिकेत दाखवलेलं असतं आणि तो देताना दोन्हीकडची चाकं गुटके लावून अडवावी लागतात, कारण चाक हललं की बॉडीही हलते. नुसत्या जॅकच्या भरवशावर कोणी हातसुद्धा आत घालू नये.

जागा सोडण्याआधी बॉडी पूर्ण टेकली आहे, फाळक्याची दोन्ही कुलपं बसली आहेत, पीटीओ सुटला आहे आणि बॉडी वर असल्याचा दिवा विझला आहे, एवढं बघा. पीटीओ लागलेलाच राहिला तर पंप वाटभर फिरत राहतो, तेल तापतं, आणि कंट्रोल व्हॉल्व्ह जरासा सरकलेला असेल तर चालत्या गाडीची बॉडी हळूहळू वर येते. केबिनमध्ये बसलेल्याला ते कळतं समोर पूल आल्यावर. दिव्यासोबत बझरही लावून घ्या, आणि दोन्ही चालतात ना हे आठवड्यातून एकदा रिकामी बॉडी वीतभर उचलून तपासा.